झाकलेला विस्तव

१

गुरुवारी आमच्या गावातल्या लोकांना म्युझियम फुकट असतं. बाहेरच्यांना दोन हजार लिरा. दोन हजार लिरा मोजून फुटक्या मडक्यांचे तुकडे बघायला मी या जन्मात गेले नसते, हे आधीच सांगून टाकते. मी जायचे आईसाठी. आई तिथं गप्प बसायची.

आई ब्याऐंशीची. दोन वर्षांपासून तिचं डोकं उलटं चालायला लागलं होतं. जेवण झालं की स्कार्फ बांधायची, दाराशी जाऊन उभी राहायची.

"चल, मला घरी सोड."

"आई, हेच घर आहे."

"हो का?" असं म्हणून पाहुणीसारखं हसायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा स्कार्फ.

मी सहा ते दोन सफरचंदांच्या गोदामात उभी असते. पट्ट्यावरून फळं येतात, डागाळलेली मी उचलते. बावन्न वर्षांची आहे, पाचवीपर्यंत शिकले, लग्न केलं नाही. घरी आल्यावर चाळीस वेळा 'मला घरी सोड' ऐकायचं म्हणजे माणूस ओरडतोच. मीही ओरडायचे. म्हणून डॉक्टर म्हणाले, तिला बाहेर काढत जा, पाय मोकळे होतील. आमच्या कोर्वालमध्ये नोव्हेंबरात बाहेर काढून न्यायचं कुठं? चर्च थंड, दारूचा गुत्ता पुरुषांचा. राहिलं म्युझियम.

ती आमची जुनी डेअरी. लहानपणी मी तिथं दूध घालायला जायचे. जमीन दुरुस्त करताना खाली दगडी भिंती लागल्या, मग प्रोफेसर लोक आले. रोमन येण्याच्या आधी या डोंगरात रेती नावाची माणसं राहायची, त्यांचं घर म्हणे. वर काचेच्या कपाटांत टाचण्या, किल्ल्या, बोटभर उंचीचे घोडेस्वार. खाली, त्याच सापडलेल्या दगडांवर, त्यांचं घर पुन्हा उभं केलेलं. दोन पायऱ्या उतरायच्या, अरुंद बोळ, बोळ एकदा वळतो, मग बुटकं दार आणि लाकडी भिंतींची एक खोली. भिंतीला लागून बाक. मधे दगडांची चूल. चुलीत खोट्या लाकडांखाली लाल दिवा, विस्तव वाटावा म्हणून.

त्या बुटक्या दाराच्या वरच्या लाकडावर मी दर गुरुवारी कपाळ आपटायचे. दर गुरुवारी. आई मात्र पहिल्याच दिवशी न सांगता वाकली.

बाकावर बसली की दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवायची. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, लहानपणी गवत कापताना विळा लागला होता. ते नख मी तासभर बघत बसायचे, दुसरं करायला काय होतं? तासभर एकदाही 'घरी' हा शब्द नाही. मला तेवढंच हवं होतं.

त्या गुरुवारी आई बाकावरून उठली, चुलीभोवती बांधलेल्या दोरीवरून हात पुढे केले आणि चुलीवर शेकायला लागली.

"दिवा आहे तो, आई."

तिनं ऐकलं नाही. तळवे शेकले, मग हात उलटे करून शेकले, मग माझा हात धरून तिथं नेला. ऊब होती. चांगली, जेवण झाल्यावरच्या चुलीसारखी ऊब.

वर येऊन मी झीताला म्हटलं, "दिवा भारीच तापतो गं तुमचा. एखाद्या दिवशी लाकूड पेट घेईल."

झीता म्हणजे तिकीट फाडणारी पोरगी, खालच्या शहरात शिकलेली. ती म्हणाली, "कुठला दिवा, काकू? चुलीतला? तो जाऊन दोन आठवडे झाले. नवीन मागवलाय."

मला आठवेना, लाल उजेड होता की नव्हता. ऊब होती एवढं नक्की. म्हटलं, खालून हीटरचा पाइप गेला असेल. असणारच.

२

आमच्याकडे चूल विझू देत नाहीत. बाकीचं जग आगपेटीवर चालतं, चालू दे. आमच्या घरातला विस्तव माझ्या आजीच्या सासूच्या वेळचा आहे. आता लोखंडी शेगडी आहे, तरी आत निखारे तेच. संध्याकाळी ते राखेखाली झाकायचे आणि राखेवर सळईनं घराची खूण काढायची. आमची खूण कोंबडीच्या पायासारखी, तीन रेघा आणि खाली एक आडवी. सकाळी राख बाजूला केली की निखारा लाल डोळा उघडतो.

झाकायचं काम घरातल्या मोठ्या बाईचं. नवी सून आली की पहिल्या संध्याकाळी सासू तिच्या हातात फावडं देते आणि सगळ्या बाया उभ्या राहून बघतात. ज्या चुलीवर बाई पहिल्यांदा राख ओढते ते तिचं घर. मग माहेर ते माहेर. यात कोणी कागद करत नाही, पण आमच्या खोऱ्यात हे कोणी मोडतही नाही. आणि विस्तवावर पाणी ओततात ते फक्त घर सोडताना. शेवटचं माणूस गेलं, दार कायमचं लावायचं, तेव्हा.

मी लग्न केलं नाही, म्हणजे कुणाची चूल झाकली नाही. आणि घरची आईच झाकायची. तिला माझं नाव आठवत नव्हतं अशा दिवसांतसुद्धा संध्याकाळी ती उठायची, फावडं घ्यायची, राख ओढायची, खूण काढायची. हाताला सगळं आठवत होतं. मी मागे उभी राहून बघायचे. बावन्न वर्षं मी नुसतं बघितलं.

रविवारी माझा भाऊ रिनाल्दो आला. तो जंगलखात्यात आहे. नोव्हेंबरात गावाच्या जंगलातलं लाकूड वाटतात, ज्या घराच्या धुराड्यातून धूर त्या घराला वाटा. धूर मोजायचं काम त्याचं. पहाटे वरच्या कुरणावर उभा राहतो आणि मोजतो.

"ताई, यंदा एक्केचाळीस निघाले. चूलवाली घरं चाळीस आहेत."

"सकाळी ग्रापा पिऊन मोजलंस तर दोन आईसुद्धा दिसतील."

"चार वेळा मोजलं. एक्केचाळिसावा डेअरीकडे कुठंतरी आहे."

"डेअरीला धुराडं तरी आहे का?"

"तेच तर म्हणतोय." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. मग खरं बोलायला आला होता ते बोलला. "खाली वृद्धाश्रमात खाट रिकामी झालीय. येत्या महिन्याच्या आत भरायला हवी. आईला तू सकाळभर एकटी सोडतेस, पेटत्या शेगडीपाशी. काही झालं म्हणजे?"

"ती दहापर्यंत झोपते."

"आणि एखाद्या दिवशी आठला उठली म्हणजे?"

"परक्या घरात नेऊन ठेवायचंय तिला? रोज चाळीस वेळा घरी सोड म्हणते ती. तिथं कुणाला म्हणेल?"

"तुझ्या घरात राहूनसुद्धा तेच म्हणते ना?"

मी त्याची टोपी उचलून दाराबाहेर ठेवली. जाताना तो म्हणाला, "एकदा जरी काही झालं ना ताई, एकदा जरी, मी सही करणार."

त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच राग आला.

३

पुढच्या गुरुवारी वरच्या मजल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं. तिसऱ्या कपाटात मडक्याचा एक तुकडा, तळहाताएवढा. त्यावर तीन रेघा आणि खाली एक आडवी.

"झीता, ही आमच्या घराची खूण आहे."

"काकू, ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे." ती हसली. "तीन रेघा कोणीही ओढेल."

बरोबर. तीन रेघा कोणीही ओढेल. मी स्वतःला तेच सांगत होते, आणि वळून बघते तो आई शेजारी नाही.

खाली गेले. कपाळ आपटलं. खोलीत अंधार होता आणि लाल उजेड होता. आई दोरीच्या आत होती, चुलीसमोर उकिडवी. ब्याऐंशीची बाई, जिला खुर्चीतून उठवायला मला हात द्यावा लागतो, ती उकिडवी. समोर निखारे. दिव्याचे नव्हेत. निखाऱ्यावर पातळ राखाडी कातडं धरतं, ते श्वास घेतल्यासारखं लाल-काळं होतं, ते मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

"आई, कुठून आणलंस हे? कुणी पेटवलं?"

"विझेल गं," ती म्हणाली. "झाक ना. मला वाकवत नाही."

मला काय वाटलं ते सांगते, म्हणजे मला वेडी म्हणायच्या आधी विचार कराल. मला भूतबीत काही वाटलं नाही. मला वाटलं, आईनं कुठूनतरी आगपेटी पैदा केली. लाकडी घर, लाकडी भिंत. झीता येईल, ओरडेल, संध्याकाळपर्यंत रिनाल्दोला कळेल, आणि तो सही करेल. चुलीच्या कडेला लाकडी फावडं होतं, शोभेचं. मी ते उचललं आणि भराभरा राख ओढली. भरपूर राख होती. निखारे दिसेनासे झाले. मग माझ्या हातानं फावड्याच्या टोकानं तीन रेघा काढल्या आणि खाली एक आडवी. मी नाही काढल्या. सवयीनं काढल्या, बावन्न वर्षं बघितलेल्या सवयीनं.

तेव्हा मागून आवाज आला. बोलण्याचा नव्हे. बऱ्याच बायका एकत्र उभ्या राहून काही बघत असतात आणि ते नीट पार पडलं की नाकातून श्वास सोडतात, तसा. बोळातून आला की भिंतीतून, सांगता येत नाही.

आई म्हणाली, "छान झाकलंस."

झीता धावत आली, हातात टॉर्च. "काकू, दोरीच्या आत जायचं नाही हो! किती वेळा सांगू?"

टॉर्चच्या उजेडात चूल दिसली. खोटी लाकडं, खाली बंद दिवा, दगड स्वच्छ पुसलेले. राखेचा कण नाही.

माझी बोटं मात्र राखाडी झाली होती. घरी येऊन धुतली. पाणी राखाडी झालं.

४

त्या संध्याकाळी आई उठली नाही. मी म्हटलं, "आई, झाकायचंय."

"झाकलंय की मघाशी."

मीच झाकलं. राख ओढली, खूण काढली. रेघा बरोबर आल्या, पण सकाळी राख बाजूला केली तर खाली काळा कोळसा. गार. हातात धरता येईल असा.

म्हटलं, नवी आहेस, राख जास्त ओढलीस. आगपेटीनं पेटवलं. तोंडात शिवी आली, ती दिली. आजीच्या सासूचा विस्तव आगपेटीचा झाला. पण पेटला तरी. संध्याकाळी पुन्हा झाकला, कमी राख घालून. सकाळी गार. मग झाकलाच नाही, लार्चचे मोठे ओंडके घालून ठेवले. सकाळी ओंडके तसेच, वरून जरा काळे. मग दिवसाही पेटेना. कागद जळायचा, काटक्या जळायच्या, लाकडाला धरायचं नाही. धुराडं साफ केलं, मीच चढून. सरपण बदललं. शेजारणीकडून तिच्या चुलीतला निखारा बादलीत घालून आणला; उंबऱ्यात असताना लाल होता, शेगडीपर्यंत पोचता पोचता काळा झाला.

आई गॅलरीतल्या थंडीत बसावी तशी स्वयंपाकघरात कोट घालून बसायची. मी विजेच्या शेगडीवर मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळायचे, तिला भरवायचे. ती खायची आणि म्हणायची, "फार उपकार झाले, बाई."

बाई. मला. आधी नाव विसरायची, पण 'अगं' म्हणायची. आता बाई, अहो, तुम्ही.

एकदा तिनं विचारलं, "तुम्हाला मुलं नाहीत का, बाई?"

"नाही."

"मला एक मुलगी आहे. घरी आहे ती. विस्तव सांभाळते."

मी पोलेंत्याचं पातेलं आदळलं, इतकं की विजेच्या शेगडीची पट्टी वाकली. ती दचकली. मग मी तिचे हात धरून माफी मागितली. गोठलेल्या स्वयंपाकघरात तिचे हात गरम होते.

बुधवारी रिनाल्दो आला, आत येऊन उभा राहिला, तोंडातून वाफ.

"चार दिवस तुझ्या धुराड्यातून धूर नाही, ताई."

"मग आता चाळीसच भरले असतील. घे, तुझा हिशेब जुळला."

"चाळीस भरले," तो म्हणाला. "पण तुझा धरून एक्केचाळीस होते. तुझा गेला तरी डेअरीकडचा आहेच. आता तर चांगला जाड निघतो." मग त्यानं आईकडे बघितलं, तिच्या निळ्या ओठांकडे. आवाज उतरला. "मी तुझ्याशी भांडायला आलो नाही गं. तिला थंडीत मारू नकोस. शनिवारी गाडी घेऊन येतो."

या वेळी त्याची टोपी मी त्याच्या हातात दिली.

५

शुक्रवारी दोनला सुटले. दोन तासांची रजा मागून बारालाच सुटायला हवं होतं, पण मुकादम म्हणजे दगड. घरी आले, आईला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर दोन घोंगड्या टाकल्या, दाराला बाहेरून कुलूप लावलं. गोठ्यातली बादली नळाखाली भरली.

माझा विचार सरळ होता. एक विस्तव दोन ठिकाणी जळत नाही. चुकून मी तिकडचा झाकला, म्हणून इकडचा गेला. तिकडचा विझवला की इकडे पेटेल. आई मला 'अगं' म्हणेल. शनिवारी रिनाल्दो येईल तेव्हा स्वयंपाकघर गरम असेल आणि बटाट्याचा तोर्तेल तव्यावर असेल. एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी कुठंही पाणी ओतलं असतं. चर्चमध्येसुद्धा.

झीता फोनवर होती. पाठमोरी. मी बादली घेऊन खाली उतरले. बोळात धुराचा वास, लार्चचा, आमच्याच लाकडाचा. कपाळ आपटलं, बादली हिंदकळली.

राख होती. राखेवर माझी खूण होती, मी काढली तशीच, शेवटची रेघ जरा वाकडी. फावड्यानं राख बाजूला केली. लाल डोळा उघडला.

पाणी ओतायला हात उचलला आणि हात थांबला. आमच्या घरात कोणी हे केलेलं नाही. आजीनं नाही, तिच्या सासूनं नाही. मग मनात म्हटलं, हे घर माझं नाही. आणि ओतलं.

वाफ उठली. सगळी खोली पांढरी झाली. आवाज मोठा व्हायला हवा होता, चर्रर्र असा. काहीच झाला नाही. पाणी दुसरीकडेच कुठं पडावं, इतकं शांत.

मग वाफ खालून विरायला लागली. आधी जमीन दिसली. मग बाकाखालची पावलं. मग गुडघे. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्यांची रांग, जाडेभरडे घागरे, आणि प्रत्येक गुडघ्यावर एक हात, पालथा. त्याच्या वर वाफ होती आणि मी वर बघितलं नाही. दाराजवळच्या शेवटच्या दोन हातांकडे बघितलं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं.

त्या हातांच्या शेजारी बाकावर एका माणसापुरती जागा सोडलेली होती.

बादली तिथंच राहिली.

६

कुलूप तसंच होतं. दार उघडलं तर पायाखाली पाणी. शेगडीचं लोखंडी दार सताड उघडं, आतून राखेचं काळं पाणी गळत होतं, फरशीवरून ओघळ करून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. वाफसुद्धा नव्हती.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. स्कार्फ बांधलेला, कोटाची बटणं लावलेली, पिशवी मांडीवर. पाय उचलून धरलेले, पाण्यात भिजू नयेत म्हणून.

"अहो बाई," ती म्हणाली, "तुमच्या विस्तवावर पाणी कुणी ओतलं?"

"मी."

तिनं तोंडावर हात नेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं, परक्या बाईसाठी यावं तसं. "अगंबाई. घर सोडलंत? कुणीच उरलं नाही का तुमचं?"

मी खाली बसले, त्या काळ्या पाण्यातच. "आई, मी तीलिया. बघ ना माझ्याकडे. तीलिया."

तिनं नीट बघितलं. खूप वेळ, दया येऊन. मग वाकली आणि माझ्या कपाळावरच्या टेंगळाला हात लावला. हात गरम होता, मनगटापर्यंत गरम, नुकताच विस्तवावरून काढल्यासारखा.

"रडू नका," ती म्हणाली. "विझल्या घरात एकटीनं राहू नये माणसानं. आमच्याकडे चला. आमच्याकडे चूल आहे. माझी मुलगी झाकते, फार छान झाकते."

उद्या रिनाल्दो गाडी घेऊन येणार होता. मी त्याला सांगितलं होतं, आईला परक्या घरात जाऊ देणार नाही. मी शब्द मोडणारी नाही.

मी उठले. तिला हात दिला, पण तिला त्याची गरज लागली नाही. ती आपली आपण उठली. दार नुसतं ओढून घेतलं. बाहेर साडेचार वाजले होते, डोंगराची सावली गावावर आली होती. डेअरीच्या छपरावर, जिथं धुराडं नाही तिथं, सरळ, जाड धूर उभा होता.

"घाई करा," आई म्हणाली. ती पुढे चालत होती आणि मला तिच्या बरोबरीनं चालताना धाप लागत होती.

म्युझियमचं दार उघडं होतं. झीताच्या टेबलावर फोन बाजूला काढून ठेवलेला, त्यातून कोणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हणत होतं. आम्ही खाली उतरलो. दोन पायऱ्या. बोळ. वळण.

आई वाकली आणि आत गेली.

मीही वाकले. कपाळ आपटलं नाही.